अठराव्या वाढदिवसानंतर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातील सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याकडे, पालघरला झाली. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची, विकासातला विलंब लवकर हेरायचा आणि अशा मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे, अशी ही योजना. बसायला-बोलायला उशीर करणारे, हाक मारली तरी न वळणारे मूल ‘याचा मामाही उशिराच बोलला होता’ म्हणून घरी राहत असे. ते फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्यापुढे वेळेत पोहोचावे, हा तिचा हेतू. पदे रिकामी राहतात, तपासणी घाईत उरकली जाते, अशा तक्रारी आहेतच. तरीही या कार्यक्रमाची दिशा योग्य आहे. त्या वर्षी सहा वर्षांची असलेली मुले 2025 मध्ये अठरा वर्षांची झाली. सरकारने शाळेच्या वयात शोधून काढलेली ही पहिली पिढी आता सज्ञान झाली आहे, आणि तिने उद्या सकाळी उठून कुठे जायचे, याचे उत्तर बहुतेक तालुक्यांत कोणत्याच कार्यालयाकडे नाही.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी या अवस्था जन्मापासून किंवा बालपणापासून सोबत असतात आणि आयुष्यभर राहतात. प्रशिक्षणाने माणूस पुष्कळ शिकतो: स्वतःच्या हाताने जेवतो, बस ओळखतो, काम करतो. मात्र मदतीची गरज पूर्णपणे संपत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असूनही आपली सेवाव्यवस्था बालपणाच्या मापाने बेतलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 31 ने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. बालकांची काळजी घेणारा कायदाही अठराशी थांबतो. त्यापुढच्या अनुरक्षणाची मुदत थोड्याच वर्षांची. विशेष शाळेचा दाखला हाती पडतो त्या दिवशी मुलाला कळत नाही की आता शाळा नाही. दुसऱ्या दिवशी तो सकाळीच डबा घेऊन दारात बसतो. असे महिनोन् महिने चालते, हे अशा घरांत सांगितले जाते. शाळेत बारा वर्षे कमावलेल्या सवयी नंतर घरात बसून झपाट्याने जातात. आधी वेळेचे भान जाते, मग बोलणे कमी होते, वजन वाढते, चिडचिड वाढते आणि मग औषधे सुरू होतात.

अठरानंतर राज्याशी त्या घराचे जे नाते उरते ते प्रमाणपत्राचे. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने घ्यावे लागते. अठराव्या वर्षीचे आयुष्यभर चालते. त्यासाठी जिल्ह्याच्या ‘सिव्हिल’ रुग्णालयात जायचे. तालुक्याच्या गावाहून आई मुलाला पहाटेच्या एसटीने घेऊन निघते. वैद्यकीय मंडळ ठरावीक वारीच बसते. केसपेपरची रांग, मग मानसशास्त्रज्ञांची रांग. स्वमग्न मुलाला तिथली ट्यूबलाइटची गुणगुण, स्ट्रेचरचा खडखडाट, अनोळखी माणसांचा स्पर्श सहन होत नाही. तो कान दाबून ओरडू लागतो, आणि रांगेतले लोक आईकडे पाहू लागतात. चाचणीच्या वेळी तो एकही प्रश्न ऐकून घेत नाही. तारीख पुढची मिळते. ज्या अवस्थेचे प्रमाणपत्र हवे आहे, तीच अवस्था ते मिळवण्याच्या आड येते, हे रुग्णालयांनी ओळखायला हवे. अशा व्यक्तींसाठी वेगळा वार, शांत खोली आणि गरज पडल्यास घरी किंवा शाळेत जाऊन चाचणी, एवढे करायला नवा कायदा लागत नाही.

प्रमाणपत्राचा दुसरा प्रश्न अधिक खोलवरचा आहे. ते कमतरता किती टक्के, एवढेच सांगते. रोज किती तास आणि कशा प्रकारची मदत लागेल, यावर ते गप्प असते. 75 टक्के बौद्धिक अक्षमता लिहिलेली एखादी तरुणी घरातली भांडी घासते, शेजारच्या बाळाला सांभाळते. 50 टक्के स्वमग्नता लिहिलेल्या तरुणाला क्षणभरही एकटे सोडता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्याच कलम 38 ने जास्त मदतीची गरज असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र मूल्यमापनाची तरतूद केली आहे. मदतीचे मोजमाप करणारे हे कलम खरे तर साऱ्या सेवांचा पाया ठरायला हवे होते. पण सरकारी योजनांची भाषा अजून टक्क्यांचीच आहे. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन 80 टक्क्यांवरच्या, दारिद्र्यरेषेखालच्या प्रौढांना मिळते आणि त्यात केंद्राचा वाटा 2012 पासून महिना 300 रुपये आहे. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान 2025 मध्ये 2,500 रुपये केले, ही स्वागतार्ह वाढ. तिथेही उत्पन्नाची अट कुटुंबाची. म्हणजे तीस वर्षांच्या माणसाला स्वतःचे म्हणून काही मिळायचे की नाही, हे त्याच्या भावाच्या पगारावर ठरते.

पैशाची मदत हवीच. मात्र या घरांना सर्वांत आधी हवी असते ती सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात जाण्याजोगी जागा. अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या कार्यशाळा महाराष्ट्रात आहेत, काही अनुदानित, बऱ्याच देणग्यांवर चालणाऱ्या. पण मोठी शहरे आणि जिल्ह्याची ठिकाणे सोडली की त्या विरळ होत जातात. चांगली कार्यशाळा काय करू शकते, हे दिवाळीच्या आधी पाहावे. उटण्याची पाकिटे भरायचे काम चालू असते. एक जण डाव भरून उटणे तराजूत टाकतो. तराजूवर आकडा वाचायचा नसतो, काटा हिरव्या पट्टीवर आला की थांबायचे. दुसरी पाकिटाचे तोंड यंत्रात धरते आणि दिवा लागला की सोडते. तिसऱ्याला अंक समजत नाहीत. त्याच्यापुढे दहा खाचांची लाकडी पाटी असते. प्रत्येक खाचेत एक पाकीट उभे करायचे, सगळ्या खाचा भरल्या की पाटी खोक्यात रिकामी करायची. मोजता न येणारा तो तरुण दिवसभर मोजणीचे काम करतो आणि खोक्यातला आकडा चुकत नाही. ही पाटी कोण्या विशेष शिक्षिकेने त्याच्याकडे आठवडाभर नीट पाहून बनवलेली असते. कामाची अशी बारीक फोड करणे हे कसब आहे, आणि ते येणाऱ्या माणसांना नियमित पगार देणे हा या विषयातला खरा खर्च आहे. इमारती आणि साहित्य वाटपापेक्षा तो महत्त्वाचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. काम न जमणाऱ्यांसाठीही जागा हवी. ज्याला जास्त मदत लागते, त्याला ‘कार्यशाळेत बसत नाही’ म्हणून परत पाठवले जाते. ज्या घराला गरज सर्वाधिक, तेच मग मोकळ्या हातांनी परतते.

सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणात या गटांनाही वाटा आहे. शिकू शकलेल्या स्वमग्न तरुणांना त्याचा उपयोग होईल, व्हावा. ज्यांच्याबद्दल इथे लिहीत आहोत, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत तो पोहोचत नाही.

दिवसाची जागा नसली की तिचे सगळे काम एका व्यक्तीवर येते, आणि ती बहुधा आई असते. साठीच्या आसपासची बाई पस्तिशीतल्या मुलाला आंघोळ घालते, त्याची दाढी करते, रात्री तो उठला की उठते. नवरा असेपर्यंत उचलाउचल निभते. पाठीचे दुखणे, गुडघे, रक्तदाब यांसाठी दवाखान्यात जायला तिला कोणी सुटी देत नाही. भाचीच्या लग्नाला ती जात नाही. गेलीच तर मुलाला घेऊन मागच्या रांगेत बसते आणि अक्षता पडल्या की निघते. अशा व्यक्तींसाठी केंद्राने स्थापलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या योजनांमध्ये ‘समर्थ’ ही काही काळापुरत्या निवासाची, ‘विकास’ ही दिवसा सांभाळण्याची आणि ‘सहयोगी’ ही मदतनीस घडवण्याची योजना आहे. ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा कोणतीही पूर्वतपासणी न करता मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. कागदावर ही चौकट विचारपूर्वक आखलेली आहे. तिच्यातली केंद्रे स्वयंसेवी संस्थांनी पुढे येऊन चालवायची असल्यामुळे जिथे संस्था आहे तिथेच सेवा आहे. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आतल्या तालुक्यात संस्था उभी राहीपर्यंत तिथल्या आईने वाट पाहायची, हे राज्याने मान्य करता कामा नये.

केरळमध्ये हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांनी अंगावर घेतले. तिथे 2004 पासून कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या जाळ्याच्या मदतीने ‘बड्स’ केंद्रे उभी राहिली: अठरापर्यंतच्या मुलांसाठी शाळा, त्यापुढच्यांसाठी पुनर्वसन केंद्र, आणि चालवणारी पंचायत किंवा नगरपालिका. पूर्णवेळ सांभाळणाऱ्या घरच्या व्यक्तीला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिना 600 रुपये देण्याची तरतूदही तिथे आहे. रक्कम तुटपुंजी आहे आणि त्या राज्यातही सगळे सुरळीत आहे असे नाही. पण सांभाळणे हे काम आहे, त्याची नोंद सरकारदप्तरी व्हायला हवी, हे तिथे मान्य झाले. केंद्र गावातच असल्यामुळे मूल शेजाऱ्यांच्या नजरेसमोर मोठे होते, आणि केंद्र बंद राहिले तर जाब विचारायला पंचायतीचे दार जवळ असते.

महाराष्ट्रात हे करण्याची आर्थिक वाट आधीच आखलेली आहे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा शासनाचा नियम आहे. आज या निधीचे बऱ्याच ठिकाणी मार्चअखेर वाटप होते: यादीतल्या प्रत्येकाच्या नावे थोडीफार रक्कम, कधी एखादी वस्तू. रक्कम घरात खर्च होते, आणि पुढचा मार्च येईपर्यंत हाती काही नसते. एकट्या ग्रामपंचायतीचे 5 टक्के म्हणजे मोठी रक्कम नव्हे, हे खरे. म्हणूनच तालुक्यातल्या पंचायती, पंचायत समिती आणि नगरपरिषद यांनी निधी एकत्र करून निदान एक दिवसभराचे केंद्र चालवावे, आणि तुटीचा भार दिव्यांग कल्याण विभागाने उचलावा. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर 2022 मध्ये स्थापन करून महाराष्ट्राने पुढाकार घेतला. असे निधी एकत्र आणण्याची मुभा देणारा स्पष्ट शासननिर्णय काढणे हे त्या विभागाचे काम आहे. पटसंख्या कमी पडते म्हणून बंद होत असलेल्या कितीतरी वर्गखोल्या गावोगाव रिकाम्या आहेत; जागेचे कारण फारसे टिकत नाही. खरी अडचण वाहनाची आहे. वीस-पंचवीस किलोमीटरवरून मुलाला रोज कोण आणणार? एसटीतली सवलत चांगली, पण गाडीच दिवसातून दोनदा येत असेल आणि सोबत आईलाही जावे लागत असेल, तर ती कामाला येत नाही. केंद्राची स्वतःची गाडी नसेल, तर ते केंद्र केवळ तालुक्याच्या गावातल्या लोकांचे होऊन बसते.

आता पालकत्वाबद्दल, कारण याविषयी पालकांमध्ये सर्वाधिक गोंधळ आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आईवडिलांचा त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार आपोआप संपतो. बँकेत खाते उघडताना, विम्याच्या दाव्यात, आजोबांच्या शेतीच्या वाटणीत हे अचानक समोर येते. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमू शकते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ही समिती. न्यायालयात जावे लागत नाही. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. ही दुसरी बाजू पालकांना सहसा सांगितलीच जात नाही. आईवडील हयात असताना तिचे महत्त्व जाणवत नाही. त्यांच्यानंतर काका किंवा चुलत भाऊ पालक झाला आणि सातबारावरचे नाव बदलू लागले, की तो वार्षिक हिशेब हाच त्या व्यक्तीचा एकमेव आधार उरतो. समितीने हिशेब न देणाऱ्यांना विचारणा केलीच पाहिजे.

इथे दुसऱ्या टोकाची काळजीही घ्यायला हवी. 2016 च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली: ज्या निर्णयात मदत लागते तेवढ्यापुरतीच, आणि त्या व्यक्तीशी बोलून. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्याचाही हाच अर्थ. बँकेला सोयीचे म्हणून सरसकट सगळे अधिकार दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत. कुठला सदरा घालायचा, कोणाबरोबर राहायचे, पैशातून काय घ्यायचे, हे सांगू शकणारी माणसे यांच्यात पुष्कळ आहेत. बोलून नाही तर बोट दाखवून, चित्र निवडून, मान फिरवून ती सांगतात. विचारण्याची सवय मात्र घराला आणि संस्थेला लावून घ्यावी लागते.

न विचारल्याचे काय होते, याचा महाराष्ट्राला अनुभव आहे. शिरूरच्या शासकीय संस्थेतील काही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये 1994 मध्ये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतली स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना पाळीच्या दिवसांत मदत करायला पुरेशा प्रशिक्षित स्त्रिया नेमणे हा साधा मार्ग होता. व्यवस्थेने आपली सोय पाहिली आणि किंमत मुलींच्या शरीराने मोजली. पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका प्रकरणात सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीच्या स्वतःच्या शरीराविषयीच्या निर्णयाला मान दिला. निवासी संस्थांबद्दल कोणतेही धोरण ठरवताना शिरूर समोर ठेवले पाहिजे. शंभर-दोनशे जणांना एकत्र ठेवणारी, गावाबाहेरची मोठी वसतिगृहे हा ‘आमच्यामागे याचे काय?’ या पालकांच्या प्रश्नाचा उपाय नव्हे. सहा-आठ जणांचे, वस्तीतले, ये-जा असलेले घर, आणि त्यावर बाहेरच्या माणसांची नियमित देखरेख, हाच सुरक्षित मार्ग आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या सामूहिक घरांसाठीच आहे. तिला राज्याच्या पैशाची जोड मिळाली, तर प्रत्येक जिल्ह्यात अशी काही घरे सुरू होऊ शकतील.

आज जे उभे आहे ते बहुतेक पालकांनी आणि एकेकट्या माणसांनी उभे केलेले. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे ‘घरकुल’ पालकांच्याच पुढाकारातून झाले. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी 123 बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही मागणी ते कित्येक वर्षे करत आहेत. पुरस्कार देणाऱ्या शासनव्यवस्थेने ही मागणीही तितक्याच आदराने ऐकावी. ज्याच्यामागे आईवडील नाहीत, त्याला अठराव्या वाढदिवसाला दुसऱ्या संस्थेत हलवणे म्हणजे त्याचे एकमेव घर मोडणे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला जागा बदलल्याचे कारणही समजावता येत नाही. तो जेवण सोडतो, झोप सोडतो, कोपऱ्यात बसून राहतो.

आकडेवारी नाही, म्हणून नियोजन नाही, असे उत्तर यावर नेहमी मिळते. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग नोंदले गेले, त्यांत बौद्धिक अक्षमतेचे सुमारे 15 लाख. स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. कायद्याने आता 21 प्रकार मान्य केले आहेत, तेव्हा पुढची मोजणी अधिक नेमकी व्हावी, प्रगणकांना ते प्रकार ओळखायला शिकवावे. तोपर्यंत जिल्ह्यांनी थांबून राहण्याचे मात्र कारण नाही. विशेष शाळांच्या पटावर, समग्र शिक्षा अभियानाच्या याद्यांत, युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या नोंदींत प्रत्येक मुलाची जन्मतारीख लिहिलेली आहे. येत्या तीन वर्षांत कोणत्या तालुक्यातली किती मुले-मुली अठरा पूर्ण करतील, त्यांतल्या किती जणांना दिवसभर सोबत लागेल आणि किती जण कार्यशाळेत काम करू शकतील, ही यादी जिल्हा समाजकल्याण अधिकारी विशेष शिक्षकांना सोबत घेऊन महिन्याभरात करू शकतात. मुलगा कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, काय खातो, कोणते काम आवडीने करतो, हे वर्गातल्या बाईंना बारा वर्षांच्या सहवासाने माहीत असते. चौदाव्या वर्षापासून ते लिहून ठेवले तर पुढच्या केंद्राला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. येत्या अर्थसंकल्पाआधी ही यादी प्रत्येक जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवली जावी, आणि तिच्यासमोर केंद्राचे गाव, गाडी आणि शिक्षकांची पदे लिहिली जावीत.